आबासाहेबांची भुवई

आमच्या शाळेच्या सभागृहात, व्यासपीठामागच्या भिंतीवर, संस्थापक आबासाहेबांचं तैलचित्र आहे. पांढरा फेटा, भरघोस मिशा, समोरच्याला जोखणारी नजर आणि डाव्या भुवईत मधोमध एक चीर. पंधरा ऑगस्टला त्याला मोठा हार घालतात. फाटकाजवळचा अर्धपुतळा त्या चित्रावरूनच घडवला. आबासाहेबांचा एकही फोटो कधी निघाला नव्हता. त्यामुळे ते दिसायचे कसे, असं नेवाशात कोणी विचारलं तर माणसं चित्राकडे बोट करतात.

तो चेहरा आबासाहेबांचा नाही. तो सखाराम बोरुडे यांचा आहे. ते आमच्या शाळेत इतिहास शिकवायचे. चित्र मी काढलं. हे सांगू शकेल असं माझ्याशिवाय आता कोणी उरलेलं नाही, आणि माझाही भरवसा नाही, म्हणून लिहितो.

बोरुडे सर पाथर्डीकडचे. मी शाळेत ड्रॉइंग मास्तर म्हणून तात्पुरत्या जागेवर लागलो तेव्हा ते चाळिशीच्या अलीकडे असतील. उंची बेताची, चालताना उजवा खांदा पुढे काढायचे. मोकळ्या रस्त्यावरही गर्दीतून वाट काढत चालल्यासारखे दिसायचे. सदऱ्याच्या खिशात भाजलेले शेंगदाणे. वर्गात बरोबर उत्तराला एक शेंगदाणा आणि चांगल्या प्रश्नाला दोन, असा त्यांचा भाव ठरलेला होता. शाळेचा ग्रुप फोटो निघाला त्यात ते नेमके हलले. चेहऱ्याच्या जागी धुरासारखं काहीतरी आलं. ते मुद्दाम हलले असं मला आजही वाटतं.

कारण माणूस दिसायचा कसा, या एका गोष्टीवर त्यांचा कोणावरही विश्वास नव्हता. पुस्तकात 'राजा अत्यंत देखणा होता' असं कोणी वाचलं की ते हात वर करून थांबवायचे. "कोणी पाहिलं? किती लांबून पाहिलं? आणि कोणाचं मीठ खाऊन लिहिलं?" हे तीन प्रश्न पोरांना इतके पाठ झाले होते की त्यांच्या एका माजी विद्यार्थ्याने स्थळ घेऊन आलेल्या मध्यस्थाला तेच विचारले आणि लग्न मोडता मोडता राहिलं.

एकदा त्यांनी आठवीच्या वर्गाला फळ्याकडे पाठ करून बसवलं आणि हेडमास्तर कसे दिसतात ते लिहायला सांगितलं. जवळजवळ सगळ्यांनी मिशी लिहिली. हेडमास्तरांनी मिशी काढून वर्ष उलटून गेलं होतं. एका पोराने चेहऱ्याबद्दल अवाक्षरही लिहिलं नव्हतं. हेडमास्तरांच्या छडीचं मात्र टोकाच्या गाठीपर्यंत वर्णन केलं होतं. सरांनी त्याला दोन शेंगदाणे दिले. "हा खरा इतिहासकार. ज्याच्याशी संबंध आला तेवढंच लिहिलं."

जुन्या राजांचे चेहरे हा त्यांचा छंद होता. सिकंदर मान एका बाजूला कलती ठेवायचा म्हणतात, तर त्याच्यामागून त्याचे सरदारही माना वाकड्या करून हिंडायचे. ते तशी मान करून व्हरांड्यातून चालून दाखवायचे. रोमच्या एका सेनापतीला टक्कल पडलं होतं, तो मागचे केस पुढे ओढायचा. "हे खरं असणार," सर म्हणायचे, "कारण असं कोणी खुशामतीत लिहीत नाही. पण दुश्मनीत लिहितात, तेही लक्षात ठेवा." मथुरेकडे सापडलेल्या कनिष्काच्या पुतळ्याला डोकं नाही. तो त्यांना सर्वांत प्रामाणिक पुतळा वाटायचा. "खोटं बोलायला तोंडच नाही!"

पण त्यांचं खरं आवडतं उदाहरण नाशिकच्या लेण्यातलं. तिथे सातवाहन राजाच्या आईने आपल्या दिवंगत मुलाचं वर्णन कोरून घेतलं आहे. चंद्राच्या बिंबासारखं तोंड, नागराजासारखे बाहू, गजासारखी चाल. त्याच राजाने हरवलेल्या शत्रूची नाणी परत चालवताना शत्रूच्या तोंडावर आपला ठसा मारला होता. सर सांगायचे, "दुश्मनाचं तोंड ठशाखाली गेलं, आणि याचं तोंड आईच्या मायेखाली. दोघंही कसे दिसायचे, आपल्याला कळायचं नाही. आई सांगते ते वर्णन नसतं, पोरांनो. ती दृष्ट काढत असते. आईची साक्ष सगळ्यांत शेवटी धरा."

पुढे संस्थेचा सुवर्णमहोत्सव आला. अध्यक्ष नानासाहेब हे आबासाहेबांचे चिरंजीव. आबासाहेब गेले तेव्हा ते अंगावर पीत होते. त्यांना सभागृहात वडिलांचं चित्र हवं होतं. फोटो नव्हता, कारण फोटो काढला की आयुष्य कमी होतं अशी आबासाहेबांची समजूत होती. नानासाहेबांनी बोरुडे सरांना माहिती जमवायला सांगितलं आणि मला चित्र काढायला.

आम्ही दोघं सायकलींवरून जुनी माणसं गाठत हिंडलो. आबासाहेबांच्या पत्नी, थोरल्या आईसाहेब, भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मी कवा वर मान करून बघितलं न्हाई. पन लई देखणे हुते." शिंगणापूरच्या वाटेवर आबासाहेबांचा जुना गडी येसूबाबा राहायचा. बिनदाराच्या चौकटीत बसून तो तंबाखू मळत होता. सरांनी विचारलं, नाक कसं होतं?

"मालकाच्या तोंडाकडं कोन बगतंय गुरुजी? खाली बगून व्हय म्हनायचं. जोडं इचारा. जोडं सांगतो."

आणि त्याने सांगितले. लाल कातडं, वर गोंडा, उजव्याची टाच आतल्या बाजूने झिजलेली. सर इतके खूश झाले की त्यांनी खिशातले सगळे शेंगदाणे म्हाताऱ्याच्या ओंजळीत रिकामे केले.

नानासाहेबांचं स्वतःचं वर्णन एका शब्दाचं होतं. "सिंह."

समारंभ तोंडावर आला. फेट्याच्या वळ्या आणि त्यावरचा उजेड नीट यावा म्हणून मी सरांना फेटा बांधून खिडकीपाशी बसवलं. चेहरा मी कल्पनेने काढणार होतो. पण समोर माणूस बसलेला असला की हात त्याचंच ऐकतो. रंग वाळल्यावर सरांनी चित्राकडे पाहिलं आणि खो खो हसत सुटले. "ड्रॉइंगवाले, अहो हा तर मी! भुवईसकट!"

मी घाबरलो, बदलतो म्हणालो. तेवढ्यात नानासाहेबच बघायला आले. चित्रासमोर ते उभे राहिले. मग त्यांचे डोळे भरून आले. "हेच आबा," ते म्हणाले. "मला आठवत न्हाई, पन हेच." त्यानंतर ब्रश लावण्याची सोय उरली नाही.

वर्षभर तो आम्हा दोघांमधला विनोद होता. प्रार्थनेला जाताना सर चित्राला हळूच विचारायचे, "काय आबा, पगार होणार का या महिन्यात?" कोणाच्या लक्षात येतं ते पाहायचं त्यांनी ठरवलं होतं. रोज ज्याच्या तोंडाशी बोलतात, त्याचंच तोंड भिंतीवर असताना कोणी ओळखत नाही, याची त्यांना मोठी मौज वाटायची. त्यात त्यांचीही चूक झाली. काचेपलीकडून बघावं तसे ते गावाकडे बघत होते. काचेत ठेवलेली वस्तू आपणच आहोत, ते त्यांच्या ध्यानात आलं नाही.

मग दुष्काळ पडला. पाथर्डीकडे प्यायला पाणी राहिलं नाही, तेव्हा सर आपल्या आईला, गयाबाईंना, नेवाशाला घेऊन आले. काटक बाई, आवाज एका शेतातून दुसऱ्या शेतात हाक जाईल असा. शाळेच्या सभागृहात मिलो वाटायचे, ती तांबडी परदेशी ज्वारी. रांगेत त्याही पिशवी घेऊन उभ्या राहिल्या. रांग सरकत व्यासपीठापाशी आली आणि त्यांनी वर पाहिलं.

मी वाटपाच्या टेबलाशी होतो. त्यांनी पिशवी खाली टाकली.

"आरं, ह्यो तर माजा सखा!"

पहिल्यांदा त्या हसल्या. मग त्यांना हार दिसला. हार गेलेल्या माणसाच्याच चित्राला घालतात. त्या व्यासपीठावर चढल्या, टाचा उंचावल्या आणि हार ओढून काढला. "माज्या जित्या लेकराला हार घालत्यात व्हय? कोन मेलं रं तुमचं?"

कोणीतरी सांगितलं, आजी, हे आबासाहेब आहेत, शाळेचे.

"कशाचं आबासायेब! ह्या भुवईवर माज्या गोफनीचा दगुड बसलाय. पाखरं हानताना. मी न्हाई वळखायची?"

बोरुडे सर धावत आले, आईला हाताला धरून घेऊन गेले. रांग परत सुरू झाली.

संध्याकाळी स्टँडसमोरच्या हॉटेलात मी चहा पीत होतो. मागच्या बाकावर बोलणं चाललं होतं.

"बाईनं हार का काडला म्हनशील?"

"का?"

"आता का! आपल्या मान्साला हार बगवला न्हाई तिला."

"पन ती तर लेक म्हनाली."

"लोकांम्होरं आनि काय म्हनंल? भुवई बग की. बापाला चीर, लेकाला चीर."

"सुगीला हिकडंच यायची म्हनं ती तवा. नदीकाठाला, आबांच्या वावरात."

"मग? त्याला शाळंत लावला त्यो उगीच?"

मी वळून सांगायला हवं होतं. चहा संपवून निघून आलो.

सरांना हे दुसऱ्या दिवशी कळलं तेव्हा ते हसलेच. "जखम वारशाने येते, हे नेवाशात सिद्ध झालं." पण तो त्यांचा त्या विषयावरचा शेवटचा विनोद. सभागृहात जी माणसं हजर होती त्यांच्यापैकी प्रत्येकाकडे आता वेगळी हकिकत होती. बाईने चित्राच्या पायावर डोकं ठेवलं. बाई रडली. बाईने वाटा मागितला. हे सगळं पाहणारी माणसं होती, लांबूनही नव्हती.

सरांनी मिशी काढली, तर लोक म्हणाले, बापाची मिशी उतरवली. दाढी वाढवली, तर म्हणाले, तोंड लपवतोय. ती काढली तरी बोललेच. रोज सकाळी प्रार्थनेला त्यांना त्या चित्रासमोर हात जोडून उभं राहावं लागायचं. पोरं एकदा वर बघायची, एकदा त्यांच्याकडे. त्यांच्या वर्गात आता कोणी प्रश्न विचारत नसे. नोकरी सोडावी तर गावाकडे पाणी नाही, काम नाही. राहावं तर स्वतःचंच तोंड दाखवायची चोरी. आणि गयाबाई खोलीबाहेर पडेनाशा झाल्या. मी एकदा गेलो तेव्हा त्या चुलीपुढे बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "मास्तर, मी माज्या लेकराला वळखलं. त्यात माजं काय चुकलं, तेवडं सांगा."

सर कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसले होते.

काही दिवसांनी नानासाहेबांनी आम्हा दोघांना बंगल्यावर बोलावलं. टेबलावर स्टॅम्पपेपर होता.

"गुरुजी, तुमी शानी माणसं. आबांच्या मिळकतीत आपला काई हक्क न्हाई, एवढं लिहून द्या. मंजी विषय मिटला. तुमची नोकरी तुमची, आईबी राहू द्या हितंच."

सर शांतपणे म्हणाले, "नानासाहेब, हक्क सोडायचा म्हणजे आधी नातं मान्य करायचं. माझे वडील पाथर्डीला विहीर खोदताना गेले. माझ्या आईच्या नावावर मी हे कसं लिहू?"

"मग लिहीत न्हाई, याचा अर्थ काय धरायचा मी? हक्क पायजे?"

"नको."

"मग चित्र तुमच्यावानी का दिसतंय?"

सर म्हणाले, "चित्रकार इथेच बसलेत. त्यांना विचारा."

ते माझ्याकडे बघत होते. त्यात धमकी नव्हती, विनवणीही नव्हती. वर्गात उत्तर येणाऱ्या पोराकडे बघावं तसे बघत होते. मला एकच वाक्य बोलायचं होतं. माझी जागा कायम व्हायची होती. लग्नाला वर्ष झालं नव्हतं. बाहेर पदवीधर माणसं दुष्काळी कामावर खडी फोडत होती. आणि ज्या चित्रापुढे नानासाहेब रडले, पाहुण्यांच्या हस्ते ज्याचं अनावरण झालं, ते खोटं आहे हे त्यांच्या तोंडावर सांगायचं होतं.

"ऐकीव वर्णनावरून काढलं, नानासाहेब," मी म्हणालो.

त्या वेळी नानासाहेबांचा चेहरा कसा झाला, असं कोणी विचारलं तर मला सांगता येणार नाही. त्यांचे जोडे सांगतो. काळे, बिनलेसचे, डाव्याच्या टोकावर वाळलेल्या चिखलाचा ठिपका. त्या दुष्काळात चिखल कुठून आला असेल, याचाच मी विचार करत होतो.

फाटकाबाहेर आल्यावर सर थांबले. त्यांनी खिशात हात घातला, एक शेंगदाणा काढला आणि माझ्या हातावर ठेवला. एक, बरोबर उत्तराचा. आणि सायकल घेऊन पुढे गेले.

मी तो शेंगदाणा खाल्ला.

त्यांनी लिहून दिलं नाही. संस्थेने त्यांना दूरच्या एका शाखेत जायचं पत्र दिलं, तेव्हा त्यांनी राजीनामा दिला आणि गावी जायचं ठरवलं. लोक म्हणाले, पैसे घेऊन गेला. मी कायम झालो. त्याच शाळेतून निवृत्त झालो. तोपर्यंत दर पंधरा ऑगस्टला स्टुलावर चढून चित्राला हार घालण्याचं काम माझ्याकडे होतं, चित्रकार म्हणून मान होता तो. बोरुडे सर गेल्याची बातमी फार उशिरा, कोणाच्या तरी बोलण्यात आली. माझ्या भुवईवरचा रंग तेवढा आठवत राहिला. म्हणजे त्यांच्या. असं आता होतं माझं, लिहिताना एकाचं दुसऱ्याला लागतं.

नानासाहेबांच्या पाठीमागे त्यांचा मुलगा अध्यक्ष झाला. मागच्या वर्षी मी त्याच्याकडे जाऊन सगळं सांगितलं. त्याने नीट ऐकून घेतलं. चहा दिला. त्यानेही आता भरघोस मिशा ठेवल्यात आणि लोक त्याला आजोबांचा चेहरा म्हणतात.

"काका," तो म्हणाला, "तुमचं वय झालं. आबा असेच दिसायचे. सगळं गाव सांगतं."

म्हणून सरांचे तीन प्रश्न मीच मला लावून घेतो. पाहिलं मी. हात पुढे केला तर लागेल इतक्या जवळून पाहिलं. आणि तेव्हा मीठ संस्थेचं खात होतो, त्यामुळे माझं चित्र धरू नका, हे धरा: चित्रातल्या माणसाचे ओठ मिटलेले आहेत. बोरुडे सरांचा पुढचा एक दात शेजारच्या दातावर चढलेला होता आणि तो सतत दिसायचा, कारण ते सतत हसायचे. डोळे चित्रात आहेत तेवढे करारी नव्हते. ती नजर मी नानासाहेबांसाठी घातली. भुवई मात्र खरी आहे. त्या सभागृहात एकच साक्ष खरी झाली, आणि ती आईची होती. सरांनी आम्हाला जी सगळ्यांत शेवटी धरायला सांगितली होती, ती. हे त्यांच्या लक्षात आलं नसेल असं होणार नाही. ते माझ्याशी त्यावर कधी बोलले नाहीत.

ते गाव सोडून निघाले त्या सकाळी मी नेवासा फाट्यावर गेलो होतो. ट्रंक एस.टी.च्या टपावर चढली होती. मिशी नव्हती, वरच्या ओठावर न रापलेल्या कातडीचा फिकट पट्टा. मला बघून ते खाली उतरले.

"ड्रॉइंगवाले, सांगा बरं. कसा दिसतो मी आता?"

"बरे दिसता," मी म्हणालो.

"हे काय वर्णन झालं?" ते म्हणाले, आणि तो दात दिसला. मग ते गाडीत चढून खिडकीशी बसले.

गाडी बराच वेळ सुटली नाही. फाट्यावर धूळ उडत होती आणि त्यांच्या तोंडावर बसत होती. शेजारी बसलेल्या गयाबाईंनी पदराचं टोक जिभेला लावून ओलं केलं आणि लहान पोराचं पुसावं तसं त्यांचं तोंड पुसायला घेतलं. गाल, कपाळ. भुवईशी त्यांचा अंगठा आला आणि थांबला. सरांनी डोळे मिटले. माझ्या बाजूची खिडकी होती, पण दोघांपैकी कोणीही बाहेर बघत नव्हतं. गाडी पाथर्डीच्या रस्त्याला वळली तरी अंगठा तिथेच होता.